मंचावरची पहाट

आमच्या झाडीपट्टीत नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि उजाडायच्या सुमारास संपतं. भाऊबीज झाली की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चारही जिल्ह्यांत गावोगावी मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरायला लागते. हलकं धान कापून झालेलं असतं, भारी धान अजून बांधीत उभं असतं. घरोघरी पाहुणे, दिवसा दंडारीचे खेळ आणि रात्री नाटक. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हा सगळ्यांची छाती फुगली. नटांबद्दल आता लिहिलं जातं. लाईटवाल्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो आहे.

माझं कोंढ्याला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. कोंढा म्हणजे पवनी तालुक्यातलं गाव. धंदा मामांच्या हाताखाली शिकलो. रेडिओ गेले, मोठ्या काचेचे टीव्ही गेले, आणि आता दुकानात येतात ते बंद पडलेले एलईडी बल्ब, चार्जिंगच्या बॅटऱ्या आणि गणपती-दिवाळीच्या माळा. मंडईच्या दिवसांत मात्र मी मंचामागे असतो.

काही वर्षांपूर्वी एका नाटकात शेवटच्या अंकात पहाट होती. घर सोडून गेलेला मुलगा परत येतो, आई दारात बसलेली, आणि उजाडतं. दिग्दर्शकाने मला सांगितलं, "भाऊ, हळूहळू उजाडलं पाहिजे. एकदम लाईट लागली तर पहाट नाही वाटत, लाईन आल्यासारखं वाटते." हे वाक्य मी विसरलो नाही. भारनियमन भोगलेल्या माणसाला त्यातला फरक बरोबर कळतो.

त्याआधी आम्ही हॅलोजन वापरायचो. हजार वॅटचा हॅलोजन डिमरवर टाकला की कसा छान मंदावतो! त्यात तार तापून उजेड होतो, आणि तापलेली तार एका क्षणात थंड होत नाही. वीज कमी केली की पांढरा उजेड पिवळा होतो, पिवळ्याचा तांबूस होतो, मग विझतो. पहाट आणि सांज दोन्ही त्या तारेत आयत्या मिळायच्या. त्या वर्षी मात्र जनरेटरचं डिझेल वाचावं म्हणून हॅलोजनच्या जागी एलईडीचे फ्लड लाईट आले होते. वीज कमी, उजेड जास्त, सगळं खरं. मी हाताशी असलेला पंख्याचा रेग्युलेटर त्यातल्या एकाला लावला आणि पहाट करायला गेलो. अर्धं बटण फिरवेपर्यंत काहीच झालं नाही. मग लाईट फडफडायला लागली. आणखी थोडं फिरवलं तर फटकन अंधार. पुढच्या रांगेतल्या आजीबाईंनी विचारलेलं मला मागे ऐकू आलं, "काहून मिचकून रायली बाबू लाईट?"

त्या "काहून"चं उत्तर शोधायला मला दोन मंडया लागल्या.

माझा तो रेग्युलेटर वीज कमी करत नाही, कापतो. आपल्या घरातली २३० व्होल्टची वीज सेकंदाला ५० वेळा वरखाली होणारी लाट असते. रेग्युलेटर प्रत्येक लाटेचा काही भाग पुढे जाऊच देत नाही. पंख्याला आणि तारेच्या दिव्याला ते चालतं, कारण पंखा जोरात फिरत असतो आणि तार तापलेली असते. मधल्या खंडाची त्यांना जाणीव होत नाही. एलईडीच्या दिव्याच्या आत मात्र एक छोटं सर्किट बसलेलं असतं, ज्याला आम्ही ड्रायव्हर म्हणतो. बाहेरची वीज वरखाली झाली तरी आतल्या एलईडींना ठरलेलाच करंट द्यायचा, एवढंच त्याचं काम. तुम्ही लाट कापता आणि तो भरून काढतो. कापणं फार झालं की त्याला भरून काढता येत नाही. तो बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद पडतो. ती फडफड त्याची असते. बल्बच्या खोक्यावर डिमर चालतो असं लिहिलेलं असेल तरच त्याला डिमर लावावा. नसेल लिहिलेलं, तर घरीही लावू नये.

मग ठरवलं, तयार दिवा नको. सुटे एलईडी आणून आपणच आकाशाचा पडदा उजळायचा, तोही १२ व्होल्टच्या बॅटरीवर. मंचामागे नट अंधारात धावत असतात, जमीन दवाने ओली असते, मुलं तारांवरून उड्या मारतात. १२ व्होल्टचा हाताला झटका बसत नाही. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त माळांमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, मेनची वीज नुसत्या कपॅसिटरमधून आत घेतलेली असते, आणि माळेची उघडी तार म्हणजे थेट २३० व्होल्टची तार. गणपतीच्या दिवसांत अशा एका माळेचा झटका बसून माझ्या शेजारचा मुलगा ओल्या मांडवात पडलेला मी पाहिला आहे. तो वाचला. पण तेव्हापासून माझ्या हातून मेनवर चालणारी घरगुती माळ बनलेली नाही आणि बनणार नाही.

सुट्या एलईडीबद्दल आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी. बल्बला आपण व्होल्ट विचारतो. एलईडीला करंट विचारावा लागतो. साधा ५ मिलिमीटरचा पांढरा एलईडी साधारण ३.२ व्होल्टला नीट पेटतो आणि त्याला २० मिलिअँपिअर करंट पुरतो. ३ व्होल्टच्या खाली तो जेमतेम मिणमिणतो, पण ३.२ च्या वर थोडेसे व्होल्ट वाढले की करंट भराभर चढतो. त्याला स्वतःला आवर नसतो. तो आवर आपण घालायचा, आणि त्यासाठी ओळीत एक रेझिस्टर बसवायचा.

पांढरे तीन एलईडी एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडले की ९.६ व्होल्ट लागतात. १२ तून ९.६ गेले, उरले २.४. २.४ ला ०.०२ ने भागलं की १२० ओहम. पुस्तकात असाच हिशेब असतो. मीही तोच केला, ९० एलईडी लावून ३० ओळी झाळल्या आणि फळी तयार केली. उजेड सुरेख पडला. तीन आठवड्यांत निम्म्या ओळी मंदावल्या, काही निळसर पडून विझल्या.

दोष माझ्या हिशेबात होता. १२ व्होल्टची म्हणतात ती बॅटरी कधीच नेमकी १२ ची नसते. उतरलेली असेल तर साडेअकरा, आणि चार्जरला लावलेली असेल तर १४.४ पर्यंत जाते. तालमीच्या दिवसांत माझी फळी चार्जर लावलेल्या बॅटरीवरच चालत होती. १४.४ तून ९.६ वजा केले तर ४.८ उरतात, १२० ओहममधून ४० मिलिअँपिअर गेले. दुप्पट! शिवाय आमच्याकडे नवतपाच्या कडक उन्हात टिनाच्या छपराखाली काय उकाडा होतो ते विदर्भाबाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. एलईडी तापला की त्याला लागणारे व्होल्ट दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टने, काहींत त्याहूनही जास्त, कमी होतात. म्हणजे तापल्यावर तो आणखी करंट ओढतो आणि आणखी तापतो. रेझिस्टरवर पुरेसे व्होल्ट उरलेले असले तरच हे चक्र आवरतं. म्हणून चार एलईडी कसेबसे १२ व्होल्टमध्ये बसवण्यापेक्षा तीन बसवून रेझिस्टरला जागा ठेवावी.

आता मी २२० ओहम वापरतो. त्यावर तांबडा, तांबडा, तपकिरी असे पट्टे असतात. १४.४ व्होल्टला २२ च्या आसपास मिलिअँपिअर जातात, १२ ला ११. बॅटरी उतरत गेली की उजेड आपोआप उतरतो, आणि ती मला सूचनाच मिळते. करंट मोजायला तार तोडायची गरज नाही. पेटलेल्या ओळीतल्या रेझिस्टरच्या दोन टोकांवर मल्टिमीटर ठेवायचा, जे व्होल्ट येतील त्यांना २२० ने भागायचं. ४.४ व्होल्ट आले तर २० मिलिअँपिअर. मामा दुकानात पाटी लावल्यासारखं रोज म्हणायचे, "आधी मोज, मंग जोड." ते रेडिओसाठी म्हणत होते.

दुसरी चूक माझ्याकडे येणारी शाळकरी पोरं हमखास करतात. दहा एलईडी शेजारी शेजारी, म्हणजे पॅरलल जोडतात आणि सगळ्यांना मिळून एकच रेझिस्टर लावतात. का चालत नाही? बांधीत पाणी भरलं आणि धुऱ्याला एका जागी दोन बोटं खोलगा असला की सगळं पाणी तिथूनच जातं, आणि जाताजाता तो खोलगा आणखी खणतं. एकाच पाकिटातले दहा एलईडीही नेमके सारखे नसतात. एकाला ३.१ व्होल्ट पुरतात, दुसऱ्याला ३.३ लागतात. ३.१ वाला बराचसा करंट ओढून घेतो, तापतो, त्याचे व्होल्ट आणखी उतरतात, तो आणखी ओढतो. तो गेला की पाळी पुढच्याची. प्रत्येक ओळीला स्वतःचा रेझिस्टर हवा. तो काही पैशांत मिळतो. तिथे काटकसर करू नये.

एलईडीचा लांब पाय प्लसकडे, कडेला सपाट भाग असलेली बाजू मायनसकडे. झाळताना सोल्डरिंग आयर्न तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवायचं नाही. आणि बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात २ अँपिअरचा फ्यूज. सात अँपिअर-अवरची लहानशी बॅटरीसुद्धा शॉर्ट झाली तर तार लाल करते. मंडपाच्या कापडाजवळ तर हा फ्यूज विसरणं म्हणजे गुन्हा आहे.

आता डिम करणं. माझा सगळा जीव या भागात आहे.

पहिल्यांदा वाटलं, मोठा फिरता रेझिस्टर लावू आणि करंट कमी करू. जुन्या थिएटरांत मिठाच्या पाण्याच्या पिंपात पत्रे खाली-वर करून दिवे मंद करायचे, ते याच तत्त्वावर. पण एलईडीला ते मानवत नाही. व्होल्ट थोडे कमी केले की उजेड झपाट्याने पडतो, आणि सगळ्या ओळी एकदम पडत नाहीत. काही आधी विझतात, काही मिणमिणत राहतात. माझं आकाश डाव्या बाजूला रात्र आणि उजव्या बाजूला सकाळ दाखवू लागलं.

उपाय वेगळाच निघाला. एलईडीला अर्धवट पेटवायचंच नाही. पूर्ण पेटवायचं, पूर्ण विझवायचं, आणि हे इतक्या वेगाने करायचं की डोळ्याला कळू नये. लहानपणी शेकोटीतलं कोलीत काढून अंधारात गरगर फिरवलं की आगीचं कडं दिसायचं, आठवतं? ठिणगी एकाच जागी असायची, कडं आपल्या डोळ्यात तयार व्हायचं. तसंच हे. पेटलेला वेळ जास्त आणि विझलेला कमी ठेवला की उजेड भरपूर दिसतो. उलट केलं की मंद. तारेचा दिवा असा वापरता आला नसता, तार एवढ्या लवकर थंडच होत नाही. एलईडीला मात्र चालू-बंद व्हायला सेकंदाचा लाखावा भागही पुष्कळ होतो. ड्रायव्हरची फडफड ज्या चपळपणामुळे लगेच डोळ्यांना दिसली, तोच इथे कामी येतो.

हे चालू-बंद करायला आठ पायांचा ५५५ नंबरचा आयसी वापरतो. हान्स कामेनझिंद या स्विस वंशाच्या अभियंत्याने १९७१ मध्ये अमेरिकेतल्या सिग्नेटिक्स कंपनीसाठी तो रचला, आणि पन्नास वर्षं उलटली तरी तो कुठल्याही सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. त्याच्याजवळ एक छोटा कपॅसिटर असतो. तो १०० किलोओहमच्या कंट्रोलच्या एका बाजूने भरतो आणि दुसऱ्या बाजूने रिकामा होतो. दोन वाटा वेगळ्या ठेवायला दोन छोटे डायोड. भरताना दिवा चालू, रिकामा होताना बंद. बटण फिरवलं की एक वाट लांबते आणि दुसरी तेवढीच आखूड होते, म्हणून वेग तोच राहतो, फक्त वाटणी बदलते. ४७३ लिहिलेला कपॅसिटर लावला की सेकंदाला साधारण ३०० वेळा चालू-बंद होतं. डोळ्याला ते कळत नाही. पण आता नाटक मोबाईलवर शूट करणारेच शंभर जण असतात, आणि त्यांच्या पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. म्हणून मी १०३ चा कपॅसिटर लावला. वेग १४०० च्या आसपास गेला आणि पट्ट्यांची तक्रार थांबली.

५५५ चा हात लहान, तो एवढ्या एलईडींचा भार घेत नाही. त्याच्यापुढे आयआरएफझेड ४४ एन हा मॉसफेट ठेवतो. तीन पायांचं हे दार ५५५ च्या इशाऱ्यावर उघडतं आणि मिटतं. फळीचा प्लस थेट बॅटरीला, मायनस मॉसफेटमधून. इथे एकदा मी फसलो. मदतीला आलेल्या पुतण्याने सगळ्या काळ्या तारा नीटनेटक्या एकत्र पिळून बांधल्या. फळीचा मायनस बॅटरीच्या मायनसला जाऊन मिळाला, दार बाजूला पडलं आणि बटण कसंही फिरवा, फळी भरउजेडात. तेव्हापासून फळीच्या परतीच्या तारेला मी काळा रंग वापरत नाही, पिवळा वापरतो.

एवढं होऊनही पहाट जमेना. बटण फिरवलं की सुरुवातीलाच उजेड भस्सकन वर यायचा आणि नंतरचा अर्धा फेरा वाया जायचा. सर्किट बरोबर होतं. डोळ्याची रीत वेगळी होती. डोळ्याला जो उजेड पूर्णाच्या निम्मा वाटतो तो प्रत्यक्ष मोजला तर १८ टक्क्यांच्या आसपास भरतो. मंद उजेडातला बारीक फरक डोळा टिपतो, भरउजेडातला मोठा फरकही सोडून देतो. हे कळलं आणि मला ड्रॉवरमधला जुन्या अँप्लिफायरचा व्हॉल्यूम कंट्रोल आठवला. कानही असाच ऐकतो, म्हणून आवाजाचे कंट्रोल सुरुवातीला अगदी हळू आणि शेवटी भराभर वाढतील असे बनवलेले असतात. त्यांना आम्ही लॉग म्हणतो. तो १०० किलोओहमचा लॉग कंट्रोल मी काढून बसवला. पहिल्या झटक्यात उलटा जोडला होता, बाहेरच्या दोन तारा अदलाबदल केल्या. आणि बटणाबरोबर उजेड सरळ, एकसारखा चढू लागला. त्या रात्री बंद दुकानात मी एकटाच कितीतरी वेळ उजाडवत आणि मावळवत बसलो होतो.

रंगाचं राहिलं होतं. हॅलोजन मंदावला की तांबूस होतो; एलईडी कितीही मंद केला तरी रंग तोच. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, त्यावर पिवळ्या पावडरीचा लेप असतो आणि दोन्ही मिळून पांढरं दिसतं. लाल एलईडी १९६२ पासून होते, पण झगझगीत निळा यायला तीस वर्षं लागली. तो साधणारे आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्यामुळे आज खेड्यातल्या घरात ९ वॅटमध्ये अभ्यास होईल एवढा उजेड आहे. पण नुसत्या पांढऱ्यातून पहाट होत नाही. म्हणून खालच्या बाजूला नारिंगी-पिवळ्या एलईडीची वेगळी फळी लावली. त्यांना २.१ व्होल्टच लागतात, म्हणून ओळीत चार आणि ३३० ओहम. तिचा डिमर वेगळा. आधी नारिंगी थोडा वर घ्यायचा, मग पांढरा त्याच्यामागून आणायचा, आणि शेवटी नारिंगी परत खाली. कोलकात्याच्या तापस सेन यांनी १९५९ मध्ये 'अंगार' नाटकात केवळ प्रकाशाने कोळशाच्या खाणीत पाणी शिरताना दाखवलं होतं. त्यांच्या हाताशी एलईडी नव्हते, ५५५ नव्हता. दिव्यामागे बसणाऱ्या प्रत्येकाने हे नाव लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

हल्ली तयार पट्टी-लाईट सगळीकडे मिळते. तीही आत तीन एलईडी आणि रेझिस्टरच्याच ओळींनी बनलेली असते, म्हणून खुणेवरच कापायची. तिला हाच डिमर चालतो, पण लांब तारेने ती मार खाते. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची तार २० मीटर नेली तर जाऊन-येऊन ४० मीटर होते, तिचा रोध सुमारे ०.७ ओहम. २ अँपिअर करंट असेल तर १.४ व्होल्ट तारेतच संपतात. बॅटरी मंचाजवळ ठेवावी, आणि पट्टी लांब असेल तर दोन्ही टोकांना वीज द्यावी.

पुढच्या मंडईला पुन्हा तोच अंक झाला. आई दारात बसलेली होती. मी नारिंगीचं बटण हलवलं आणि पूर्ण दोन मिनिटं घेतली. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी मागे वळून पाहिलंही नाही. पण मंडपात खोकल्याचाही आवाज नव्हता, आणि मुलगा दारात आला तोवर आकाश फिकं पडलेलं होतं.

डिमरची पेटी दुकानात काउंटरवर उघडी ठेवली आहे. शाळेतली पोरं, भजनी मंडळवाले, गणपतीचं मखर करणारे, कुणीही येऊन पाहावी, हवं तर उतरवून घ्यावी. फक्त एक करा: रेझिस्टर विकत घेण्याआधी चार्जर लावलेल्या बॅटरीवर मल्टिमीटर ठेवा, आलेला आकडा वहीत लिहा, आणि त्या आकड्यातून एलईडींचे व्होल्ट वजा करून मगच भागाकार करा.